किंमत छापलेलं वाण

माझा नातू चाकणला एका कंपनीत मार्केटिंगला आहे. परवा जेवताना मला म्हणाला, "आजोबा, तुमच्या काळी मार्केटिंग वगैरे नव्हतंच ना? माल केला, विकला, विषय संपला." मी भाकरी आमटीत कुस्करत होतो, तशीच कुस्करत राहिलो. तोंड उघडलं असतं तर वाईट बोललो असतो, आणि मला आवरणारं माणूस आता घरात नाही. गेल्या श्रावणात ती गेली.

म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सरळ लिहिणार. कुणाला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही.

मार्केटिंग होतं. आमच्याच घरात होतं. माझी बायको करत होती आणि तिला तो शब्द ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. मी समजत होतो की धंदा माझा आहे आणि ती नुसती मसाला कांडते.

आम्ही सातारा जिल्ह्यातून आलो, रुपयाचे सोळा आणे होते त्या काळात. मी देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत हंगामी हमाल लागलो. पेट्या उचलायच्या, ठेवायच्या. पिंपरीत औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. निर्वासितांची छावणी माणसांनी भरलेली होती. चिंचवड स्टेशनाच्या बाजूला गावातल्या एका शेतकऱ्यानं स्वतःच्या ज्वारीच्या रानात पत्र्याची चाळ बांधली होती, दहा खोल्यांची, त्यातली एक आमची. मागचं दार उघडलं की कणसं तोंडाला लागायची.

चाळीत सगळे बाहेरचे. शेजारी पुण्याचा फिटर होता. त्याची बायको सातवी शिकलेली, तिला सगळे फिटरीणबाई म्हणत. पलीकडे कोकणातलं एक कुटुंब, त्यातल्या बाईला आम्ही काकू म्हणायचो. त्याच्या पुढं मराठवाड्यातला एक गवंडी. आणि चाळीची मालकीण, ती गावात राहायची, पण रोज रानात यायची आणि येता-जाता प्रत्येकीच्या दारात थांबायची.

आमच्या बायकोच्या हातचा काळा मसाला. खोबरं, धणे, तीळ, दगडफूल, मिरच्या, लसूण, लवंग-दालचिनी सगळं वेगवेगळं भाजून ती उखळात कांडायची. पत्र्याच्या खोलीत भाजायला घेतलं की सगळी चाळ शिंकायची. आधी बायका भांडायला आल्या, मग चमचाभर मागायला आल्या, मग म्हणाल्या, आम्हाला करून दे, पैसे घे. तेवढ्यात डेपोतलं माझं काम सुटलं. हंगाम संपला, नाव काढलं. तेव्हापासून आमची चूल त्या मसाल्यावर पेटायची. दुसरं काही नव्हतं.

तिची विकायची तऱ्हा सांगतो, कारण नातवाला सांगितली तर त्याला चेष्टा वाटेल.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. पण कुणाला कसला मसाला लागतो ते ती दोऱ्यानं बांधायची. पुडीला लाल दोरा म्हणजे तिखट, तो गवंड्याच्या घरचा. पांढरा दोरा म्हणजे मिरची कमी, खोबरं जास्त, तो काकूंचा. पांढऱ्याला दोन गाठी म्हणजे लसूण अजिबात नाही, ते घर माळकरी. फिटरीणबाईची पुडी हिरव्या दोऱ्याची, तिला लवंगेचा वास आवडायचा नाही. अशा किती गाठी आणि किती रंग होते, मला कधी पाठ झाले नाहीत. तिला झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

दुपारी भांडी झाली की टोपलीत पुड्या घालून ती निघायची आणि एकेका घरात तासतास बसायची. ओट्यावर नाही, दारात नाही, सरळ आत, चुलीजवळ. मला राग यायचा.

"अगं, पुडी द्यायची आन निघायचं. एवढा येळ गप्पा कसल्या मारतीस?"

"गप्पा न्हवं. काकूंच्या सासूला खोकला झालाय. औंदा मिरची आणखी कमी कराय पायजे."

"आन तोवर मी हितं काय करू?"

"उखळ रिकामंच हाय की."

छावणीत एक सिंधी बाई होती. तिची भाषा हिला येत नव्हती आणि हिची तिला. दोघी एकमेकींच्या तळहातावर चिमूटभर मसाला ठेवायच्या, चाटायच्या आणि माना हलवायच्या. हिनं त्यात धणे आणि सुंठ वाढवून नेली, तेव्हा त्या बाईनं तिला हाताला धरून आत नेलं आणि जेवायला बसवलं. त्या दिवशी ही घरी जेवली नाही. मी म्हणालो, "परक्याच्या घरी जेवलीस?" ती म्हणाली, "परक्याच्या कुठं."

एका पावसाळ्यात खोबरं खवट निघालं. कुणी काही बोललं नव्हतं, बोललंही नसतं, पण हिनं घरी आमटी केली, जिभेवर घेतली आणि उठली. घरोघर जाऊन पुड्या परत आणल्या. मी कपाळावर हात मारला. म्हणालो, आता कोण घेणार तुझ्याकडनं? पुढच्या महिन्यात त्याच घरांनी दुप्पट मागितला. तेव्हाही मला कळलं नाही. मला वाटलं, पावसाळी हवा आहे, लोकांना भूक लागते.

आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. चाळीत प्रत्येक घरात व्हायचं. वाण म्हणून कुणी कंगवे वाटायचं, कुणी गळण्या, कुणी साबणाच्या वड्या. आमच्याकडं तेवढं कुठलं? हिनं मसाल्याच्या छोट्या पुड्या केल्या, छटाकाच्याही आतल्या, आणि प्रत्येकीला तिच्या तिच्या दोऱ्याची पुडी ओटीत घातली. बायका घरी गेल्या आणि दोरा बघून त्यांना समजलं की ही आपली म्हणून बांधलेली आहे. पुढच्या वर्षी त्या आपल्या बहिणी, जावा, कारखान्यातल्या ओळखीच्या बायका घेऊन आल्या. मसाला आकुर्डीपर्यंत गेला. मी म्हणायचो, माझे पाय दुखले म्हणून गेला. एक जुनी सायकल घेतली होती मी, तिच्यावर पिशव्या लावून खानावळींना माल पोचवायचो. लोक मला "मसालेवाले" म्हणायला लागले. एकदोघं "मालक" म्हणाले. ते डोक्यात गेलं.

चार संक्रांती अशा गेल्या. पाचवीच्या आधी मी पुण्याला गेलो, मंडईजवळच्या एका किराणा दुकानात माल ठेवतात का विचारायला. दुकानदारानं माझी पुडी दोन बोटांत धरली.

"हे काय? दोरा बांधलाय. ताईत आहे का?"

दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. त्याच्या मागं फळीवर चकचकीत पुडकी रचलेली होती, लेबल लावलेली. त्यानं हात मागं करून दाखवलं. "असं काहीतरी घेऊन ये, मग बोलू."

मी तिथून तडक बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात गेलो. छापखान्याचा माणूस गोड बोलणारा, चहा पाजणारा. मी त्याला दुकानातलं सगळं सांगितलं.

"मालक, एक सांगू का? माल कुणी विकत घेत नाही. लोक नाव विकत घेतात."

"माझ्या मालाला नावच नाही."

"म्हणून तर तुम्ही सायकलवर आणि ते फळीवर."

लागलं मला ते. त्यानं कपाटातून एक जुना ठसा काढला. नथ घातलेली, अंबाडा बांधलेली, हसणारी बाई. कुठल्याशा तेलाच्या कॅलेंडरसाठी केलेला होता म्हणे, तेलवाल्यानं नेलाच नाही.

"ही कोण?"

"कुणीच नाही. गिऱ्हाइकाला वाटेल की हीच मसाला कांडते. खाली लिहू, शुद्ध, घरगुती, चविष्ट. आणि त्याच्या खाली किंमत."

मी म्हणालो, किंमत कशाला, थोड्या पुड्या आम्ही फुकटही वाटतो. तो माझ्याकडं बघून हसला. "फुकट वाटा की. पण किंमत दिसू द्या. फुकटाची किंमत कळली नाही तर लोक राखुंडीसारखी वापरतील. पुडीवर दोन आणे दिसलं की घेणारा मनात म्हणतो, यानं मला दोन आण्यांचं दिलं. तो बांधला गेला."

त्याचं बोलणं मला फार शहाणपणाचं वाटलं. आजही नातवाच्या तोंडून तेच ऐकतो, इंग्रजीत.

लेबलं घेऊन घरी आलो. तिनं एक उचलून उजेडात धरलं.

"ही कोण म्हणायची?"

"कुणी न्हाई. चित्र हाय."

"नथ घालून मसाला कांडतीया?" आणि ती एवढी हसली की खाली बसली. "एक शिंक आली की नथ उखळात. मग शोधा आमटीत."

मलाही हसू आलं. तिला असं हसताना पुढं मी फार वेळा बघितलं नाही.

मग तिनं बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"शुद्ध, घरगुती, चविष्ट."

"आन त्याच्या खाली?"

मी म्हणालो, "आपला पत्ता."

हे खोटं मी बोललो. विसरून नाही, चुकून नाही. तिला वाणाच्या पुडीवर किंमत चालणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. वाण म्हणजे द्यायची वस्तू. देवाच्या नावानं, सवाशिणीला, ओटीत. तिच्यावर भाव कोण लिहितं? पण मला वाटलं, चाळीत वाचता येतंय किती जणींना. आणि एकदा घराघरात पुडी गेली, चित्र गेलं, की पुढच्या वर्षी मी पुण्याच्या फळीवर असेन.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती पाणी भरायला विहिरीवर गेली तेव्हा मी कामाला लागलो. तिनं प्रत्येकीचा वेगळा कांडून ठेवलेला मसाला मी एका घमेल्यात ओतला आणि कालवला. लेबल एकच, मग आत सात तऱ्हा कशाला? पुड्या डिंकानं चिकटवल्या. दोरे चुलीत टाकले. ती घागर घेऊन आली तेव्हा सुपात चाळीस पुड्या रांगेत, चाळीस बाया हसत होत्या.

"दोरे कुठं गेले?"

"आता दोऱ्याचं काम न्हाई. डिंक लावलाय."

"मग ह्यातली काकूंची कुठली?"

"सगळ्या एकसारख्याच हायत."

तिनं घमेलं बघितलं. बोट बुडवून चाटलं. काहीतरी बोलणार होती, पण दारात मालकीणबाईची हाक आली. "आगं ये, आले बरं का मी! कुक्कू लाव आधी, मागनं बोल." बायका यायला लागल्या होत्या. तिनं पदर सावरला आणि तबक घेतलं.

पुरुषमाणसानं आत थांबायचं नसतं. मी बाहेर ओट्यावर पत्र्याला टेकून बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. बांगड्या, हसणं, कुणाच्या तरी लुगड्याची चौकशी, तिळगुळाचे लाडू कडक झालेत म्हणून थट्टा. मग फिटरीणबाईचा आवाज.

"अगंबाई, चित्राची पुडी! बघू, बघू. छापून आणलीत? शुद्ध... घरगुती... चविष्ट. वा! किंमत दोन आणे."

आवाज थोडा कमी झाला.

"काय म्हनलीस?" मालकीणबाई.

"दोन आणे. इथं लिहिलंय."

"वानाला?"

काकू म्हणाल्या, "असूदे गो. छापतात ते तसंच. आपल्याला काय करायचंय?"

"तसं कसं काकू," फिटरीणबाई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. "किंमत लिहिलीय म्हणजे द्यायला नको का? फुकट नेलं तर उद्या नावं ठेवतील." आणि तबकात नाणं पडल्याचा आवाज झाला.

ती थट्टा तिथंच थांबली असती तर बरं होतं. पण एकीनं टाकलं म्हणून दुसरीनं टाकलं. दुसरीनं टाकलं म्हणून तिसरीला टाकावंच लागलं, नाहीतर ती फुकटी ठरली असती. टण, टण, टण. हळदीकुंकवाच्या तबकात. मालकीणबाई म्हणाली, "माज्याकडं आत्ता न्हाईत बाई. सकाळच्याला लावून देते." हे थट्टेत नव्हतं. ती रागावली होती.

आमच्या बायकोचा आवाज तेव्हा कुठं आला. "आवो, ह्ये काय करताय समद्या? वाण हाय ते."

"वाण आहे तर किंमत कशाला घातलीत?"

"किंमत? कुठं?"

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तिला ठाऊकच न्हाई वाटतं."

आयुष्यात मी पुष्कळ ऐकून घेतलं. डेपोत शिव्या खाल्ल्या, पुढं कारखान्यात सुपरवायझरची बोलणी खाल्ली. पण "तिला ठाऊकच न्हाई वाटतं" हे वाक्य गिळता आलं नाही. आत जाऊन सांगायला पाहिजे होतं की माझं काम आहे, तिचं नाही. मी ओट्यावरून उठलो आणि रानाच्या बाजूला गेलो. ज्वारीत उभा राहिलो. असा मी मर्द.

बायका गेल्यावर घरात आलो. तबक मध्ये तसंच होतं. कुंकू सांडलेलं, त्यात नाणी रुतलेली, लाल झालेली. ती भिंतीला टेकून बसली होती. हातात एक पुडी. मला म्हणाली, "पत्ता कुठं लिवलाय, बोट ठिवून दाखवा."



सकाळी तिनं ती नाणी धुतली, पदराच्या गाठीत बांधली आणि घरोघर परत द्यायला निघाली. मी मागं गेलो, चार पावलं अंतर ठेवून. तिनं मला नको म्हटलं नाही आणि चलही म्हटलं नाही. काकूंनी नाणं घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. गवंड्याची बायको म्हणाली, "र्‍हाऊ द्या की, वापरली मी पुडी." मालकीणबाईनं तिला बसायलाच सांगितलं नाही.

फिटरीणबाईनं कानाला हात लावले. "अहो, मी थट्टा केली हो! मला काय माहीत सगळ्याच टाकतील म्हणून." मग खाली बघत ती जे बोलली ते मी दारातून ऐकलं. "पण खरं सांगू का? रात्रभर मी विचार करत होते. चार वर्षं तुम्ही माझ्या चुलीशी येऊन बसलात. माझं माहेरचं दुखणं, यांचं पिणं, सगळं मी तुम्हाला सांगितलं. ते तुम्ही मैत्रीण म्हणून ऐकलंत, की मी गिऱ्हाईक आहे म्हणून?"

आमच्या बायकोनं नाणं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती वळली.

आता यात मला अजूनही राग येतो, आणि बायकांचा येतो. का, ते सांगतो. त्यांना ठाऊक नव्हतं का, ही मसाला विकते ते? वर्षभर विकतच घेत होत्या की. घासाघीस करून घेत होत्या. मग एका दिवशी एका ओळीनं कसल्या दुखावल्या? पण विचार करतो तेव्हा कळतं. ती दोन कामं करत होती आणि दोन्ही वेगळी ठेवत होती. विकायची तेव्हा उघड विकायची. बसायची तेव्हा नुसती बसायची. बसल्यामुळं विकलं जायचं हे खरंच होतं, पण ती त्यासाठी बसत नव्हती. मी वाणावर किंमत छापली आणि मागच्या चार वर्षांच्या प्रत्येक बसण्यावर ती छापली गेली.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. नुसतं व्हायला लागलं असं, की ही टोपली घेऊन गेली की बायका पदराला हात पुसत दारात यायच्या. "या, बसा," म्हणत ओट्यावर गोणपाट टाकून द्यायच्या. पूर्वी ही थेट चुलीपाशी जायची. ओट्यावर बसून कुणाच्या सासूचा खोकला कळतो? "अजून शिल्लक आहे हो मागचा." "या महिन्यात नको, गावाहून आणलाय." सगळं अगदी नीट, गोड शब्दात. ओझं तसंच डोक्यावर परत यायचं.

छावणीतली ती सिंधी बाई मात्र घेत राहिली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. पुढं तिचं कुटुंब उल्हासनगरला गेलं.

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, चाळ गेली खड्ड्यात, फळी आहे की. लेबलाची पुडकी पुण्याच्या त्या दुकानदाराला दिली. त्यानं ठेवली. आणि गेली, खोटं कशाला सांगू. त्या नथवालीकडं बघून लोकांनी नेली. मी सायकलवरून शीळ घालत आलो. दुसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "पहिल्यांदा नेतात, राव. परत कुणी मागत नाही."

"का?"

"मी कसं सांगू? चव बसली नसेल."

कुणाला तिखट झाला, कुणाला फिका, कुणाला लवंग जास्त झाली, ते मला कोण सांगणार? ठशातली बाई? घरी येऊन मी हिला विचारलं, काय कमी-जास्त करू? ती म्हणाली, "कोन खातंय ते मला दावा, मग सांगते." मी तिच्यावर ओरडलो. उखळ लाथेनं पाडलं. हेही लिहितो, कारण खरं आहे.

उन्हाळ्यापर्यंत सगळं आटपलं. मी मिळेल ते करायला लागलो, खडी फोडली, कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहिल्या. ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली. उरलेली लेबलं तिनं जाळली नाहीत, फाडली नाहीत. बरणीखाली, डब्याखाली घालायला वापरली. बरीच वर्षं घरातल्या प्रत्येक बरणीखालून ती बाई हसायची.

पुढची संक्रांत आली. आमच्याकडं हळदीकुंकू झालं नाही. पण फिटरीणबाईनं हिला बोलावणं केलं, आणि ही गेली. मी जाऊ नको म्हणालो होतो. दिवेलागणीला परत आली आणि हातातलं वाण तिनं चुलीजवळ ठेवलं.

चहाची पुडी होती. कुठल्याशा चहा कंपनीची मोटार आठवडाभर या भागात भोंगा लावून फिरत होती, ते मला माहीत होतं. त्या कंपनीच्या माणसानं फिटरीणबाईला खोकंभर पुड्या फुकट दिल्या होत्या, हळदीकुंकवाला वाटा म्हणून. पुडीवर रंगीत चित्र, कपबशी हातात धरलेली बाई. खाली नाव. आणि नावाखाली किंमत.

मी पुडी उचलून वाचली.

"ह्या पुडीला कुणी पैसं टाकले का तबकात?"

"न्हाई."

"एकीनंबी?"

"एकीनंबी न्हाई. उलट आणखी मागत होत्या."

मी उठलो. पायात वहाणा सरकवल्या. म्हटलं, आज फिटरीणबाईच्या दारात उभा राहून विचारतोच, तुमची ती अब्रू आता कुठं गेली? कंपनीनं किंमत छापली तर वाण, आणि गरिबाच्या बायकोनं दिली तर धंदा?

"बसा खाली," ती म्हणाली.

"का बसू? तुला काय वाटत न्हाई?"

"वाटतंय की." ती चुलीत फुंकत होती, माझ्याकडं न बघता बोलत होती. "पर त्यांचं काय चुकलं? त्या कंपनीला कोन वळखतंय? ती कुणाच्या घरात बसली व्हती कधी? तिनं फुकट दिलं काय आन इकत दिलं काय, त्यांना काय तिचं लागत न्हाई." फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, "माझं लागलं. म्हंजे माझं कायतरी व्हतं त्यांच्यात." आणि मग, त्याच आवाजात, "कारखान्यात भरती चाललीया म्हणत्यात. उद्या जाऊन नाव लिवून या."

मी वहाणा काढल्या. सकाळी गेलो. नाव लागलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच फाटकातून आत-बाहेर केलं. तिनं परत कधी विकायला मसाला कांडला नाही. पुढं मुलगा कमवायला लागल्यावर म्हणाला, आई, तुझ्या हाताला चव आहे, सुरू करूया. ती म्हणाली, माझे हात दुखतात. हात दुखत नव्हते.

शेवटच्या दुखण्यात मी एकदा तिला म्हणालो, तू मला त्याबद्दल कधी शिवी दिली नाहीस. तिनं डोळे उघडले, म्हणाली, "देऊन काय ती किंमत पुसली असती का?" आणि पाणी मागितलं.

त्या संक्रांतीच्या संध्याकाळी तिनं त्याच पुडीतला चहा केला. तोपर्यंत आमच्या घरात चहा रोज होत नव्हता, पाहुणा आला तर. तिनं एक कप मला दिला आणि एक स्वतः घेतला. रंग छान आला होता. वास चांगला होता. मी रागानं प्यायलो, पण सगळा प्यायलो. पगार सुरू झाल्यावर वाण्याकडून मी तोच आणायला लागलो, कारण दुसऱ्या कुठल्या चहाचं नाव मला माहीत नव्हतं. अजूनही घरात तोच येतो. आता सून करते, दोन वेळा. एक कप माझ्यापुढं ठेवते, आणि दुसरा कुणापुढंच ठेवायचा नसतो.